टाकावरची पावलं

धाकट्या नातीनं तिकडे लाकडाची पेनं कातायला घेतली आहेत आणि आता तिला त्यांच्यावर नक्षी कोरायची आहे, हे फोनवर कळलं. "आजी, तू पहिल्यांदा कशानं कोरलंस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "छत्रीच्या काडीनं." ती खूप हसली, आणि तेवढ्यात फोन तुटला. छत्रीची काडी हे काही हसण्यासारखं हत्यार नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून पाठवते. धाकटीला कामापुरतं त्यात सापडेल. बाकीच्यांनी नुसतं वाचावं.

आमच्या वेळी हातात टाक असायचा. लाकडाची दांडी, तिच्या एका टोकाला पत्र्याची नळी आणि नळीत खोचलेली निब. दौतीत बुडवायचा आणि लिहायचं. बोटांत धरायची ती बाजू जाड, आणि मागे शेपटीकडे दांडी निमुळती होत जायची. ही जाड-निमुळती गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

माझे वडील, नाना, भोर संस्थानच्या नोकरीत होते. मी भोरच्या शाळेत इंग्रजी सहावी पुरी केली आणि त्याच जूनमध्ये त्यांची वेल्ह्याच्या कचेरीत हेडकारकून म्हणून बदली झाली. सातवी म्हणजे मॅट्रिक. एकच वर्ष राहिलं होतं, आणि वेल्ह्याला इंग्रजी शाळा नव्हती. भोरला नानांची थोरली बहीण, माझी आत्या, राहायची. तिच्याकडे मला ठेवावं असं घरात चाललं होतं, पण त्या वर्षी तिच्या दोन्ही मुली एकदमच बाळंतपणाला आल्या. "पुढच्या वर्षी बघू," आत्यानं निरोप धाडला.

पुढच्या वर्षीही जमलं नाही तर काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलीला पुन्हा शाळेत कुणी घालत नसे. तिच्यासाठी स्थळं बघत. माझ्याबरोबर वर्गात दुसरी एकच मुलगी होती; तिचं त्या दिवाळीनंतर लग्न झालंसुद्धा.

वेल्ह्याचा पावसाळा तुम्ही पाहिलेला नाही. तोरणा समोर असून महिनोन् महिने दिसायचा नाही. कपडे वाळायचे नाहीत, पुस्तकांना बुरशी यायची. मी इंग्रजी वाचनमाला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि पुन्हा पहिल्या पानावर यायची. भूमितीची प्रमेयं पाटीवर सोडवायची आणि पुसायची. मग उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "अगं, बस की एका जागी! माझी मान दुखली तुझ्याकडे बघून." मी बसायची. बसलं की हात चाळे करायचे. चाकूनं खडू कोर, कंपासच्या टोकानं पाटीच्या चौकटीवर रेघा ओढ, मेणबत्ती खरवड. एकदा नानांच्या कचेरीतल्या टाकावर मी कंपासनं वेल काढली. नानांनी तो टाक उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेला. त्याला मी कोरलेला पहिला टाक म्हणत नाही. वेल फार वाईट होती. कंपासचं टोक लाकूड कापत नाही, ओरबाडतं. शाई लागली की ओरखड्यांत पसरते आणि सगळं मिशीसारखं दिसायला लागतं.

दिवाळीनंतर उघडीप झाली आणि कातारी कामाला लागला. कचेरीच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर त्याचं घर होतं. भाताची कापणी-झोडणी उरकली की तो पुन्हा पाऊस येईपर्यंत लाकूड कातायचा. पाळण्याचे खूर, पोळपाट, लाटणी, भोवरे, आणि कचेरीसाठी टाक. जमिनीत दोन खुंट रोवलेले, त्यांना आतून लोखंडी टोकं. त्या टोकांमध्ये लाकूड अडकवायचं आणि त्याला दोरीचे वेढे द्यायचे. कातारी उकिडवा बसून पटाशी धरायचा. त्याची बायको समोर बसून दोरीची दोन्ही टोकं आलटून पालटून ओढायची. लाकूड गरगर पुढे फिरायचं, गरगर मागे फिरायचं, आणि पुढे फिरताना तेवढी पटाशी टेकवायची.

मी नानांच्या कचेरीचे टाक आणायच्या निमित्तानं गेले आणि तिथेच उभी राहिले. घरी कुठलीच गोष्ट पुढे सरकत नव्हती, आणि इथे एक ओबडधोबड कांडकं डोळ्यांसमोर गुळगुळीत होत होतं.

"ताई, हुभ्या का? बसा की," कातारी म्हणाला.

"आन् बसून काय करत्याल?" बायको म्हणाली. "दोरी वढत्याल व्हय?"

"ओढीन की," मी म्हटलं.

ती मोठ्यानं हसली. "रावसाहेबांस्नी कळलं तर आमची दोरी नदीत जाईल, आन् आमीबी."

रावसाहेब म्हणजे नाना. दोरी मला त्या दिवशी मिळाली नाही. पण कोपऱ्यात पडलेलं एक मोडकं कांडकं मिळालं, आणि मी रोज जाऊ लागले. लाकूड काळ्या कुड्याचं असायचं. नाव काळा, पण आतून हस्तिदंतासारखं पांढरं आणि रेघ न दिसणारं. कातून झालं की ते फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. मग केवड्याच्या वाळक्या पानानं दाबून चकाकी आणायची. लाख आणि केवडा दोन्ही घाटाखालून यायचं. असा लाल टाक हातात घेऊन मी त्यावर चाकूची एक चीर दिली, आणि लाल लाखेतून खालचं पांढरं लाकूड दिसलं. त्या एका पांढऱ्या रेघेनं मला इतका आनंद झाला की मी लगेच दुसरी ओढली आणि बोट कापून घेतलं.

चाकू गोल दांडीवर घसरतो. धाकटे, हे तुलाही दिसलं असेल. मग मी छत्रीकडे वळले. नानांची छत्री पावसाळ्यात वाऱ्यानं मोडली होती आणि अडगळीत पडली होती. छत्रीची काडी म्हणजे पन्हाळीसारखी वाकवलेली पोलादी पट्टी. तिचं एक टोक दगडावर तिरपं घासलं की बारीक, अर्धगोल धारेची पटाशी होते. दुसऱ्या टोकाला काताऱ्यानं भोवऱ्यासारखी गोल मूठ बसवून दिली. ती तळहातात नीट बसते. हत्यार ढकलायचं ते तळहातानं, आणि डाव्या हाताचा अंगठा धारेच्या मागे ठेवून थोपवायचं. नक्षी वळवायची असेल तर हात वळवायचा नाही, टाक फिरवायचा. एवढं जमायला मला पौष आणि माघ लागला.

आणि एक नियम काताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितला होता. "जाडाकडनं बारकाकडं. उलटं गेलात का लाख उडाली म्हनून समजा." निमुळत्या लाकडावर हत्यार नेहमी उतारानं न्यायचं. चढावर नेलं की ते लाकडाच्या रेषांखाली शिरतं आणि लाखेची खपलीच्या खपली उचलतं.

त्या पटाशीनं एक खूण फार सुरेख निघायची. टोक खोल रोवायचं आणि उतारानं सरकवत वर काढायचं. सुरुवातीला रुंद, गोल, शेवटाला निमुळती. थेंबासारखी. तिच्या रुंद बाजूला कंपासनं पाच ठिपके टोचले की झालं पाऊल. एकाआड एक डावं-उजवं असं कोरत गेलं की दांडीभर लक्ष्मीची पावलं. लाल लाखेवर पांढरी. आईनं ती पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्या हातांना नावं ठेवली नाहीत. "अगदी चैत्रांगणातल्यासारखी आलीत गं," ती म्हणाली.

मग बेत आईनंच केला. चैत्रात आत्याकडे मोठं हळदीकुंकू असायचं. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, वकील होते. घरात लिहिणारी माणसं. "गौरीच्या आराशीत तुझे टाक ठेवू. मग वन्संना भेट. आणि त्याच दिवशी हे तुला ठेवून घ्यायचा विषय काढतील," आई म्हणाली. नानांनी मान हलवली. स्वतःच्या थोरल्या बहिणीपुढे विषय काढायचा म्हणजे नानांना कचेरीतल्या साहेबापुढे उभं राहण्यापेक्षा अवघड वाटे. मी पाच टाक कोरले. कोरताना जाड बाजू पोटाशी, निमुळती बाजू पुढे; हत्यार माझ्यापासून दूर ढकलायचं. पावलं रांगेनं माझ्या ओटीत येत असल्यासारखी दिसत. ती बघत बघत मी मनातल्या मनात वर्गात जाऊन बसायची.

वेल्ह्याहून बैलगाडीनं नसरापूर, तिथून मोटारीनं भोर. मोटारीत मी डबा मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला उघडून बघत होते. "त्यांना काय पाय फुटणारेत का?" नाना म्हणाले.

आत्याचं घर नीरा नदीच्या बाजूला. त्या दुपारी ओसरीवर, माजघरात बायकाच बायका होत्या. गौर झुल्यावर बसवलेली, पुढे पायऱ्या करून आरास. कलिंगडाची कमळं, करंज्यांचे मोर, मोत्यांची तोरणं. मधल्या पायरीवर आत्यानं स्वतःच्या हातानं माझे टाक पंख्यासारखे मांडले होते. मी पन्ह्याचे पेले देत फिरत होते आणि कान तिकडे होते.

"हे गं काय लालचुटूक?"

"आमच्या भाचीनं कोरलेत. वेल्ह्याला असते," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. मी ते स्पष्ट ऐकलं. हातातला पेला मी कुणाला दिला ते मला आठवत नाही.

मग समोरच्या घरातल्या थोरल्या काकू उठल्या. त्या शिकलेल्या होत्या, पत्रं लिहायच्या, आणि म्हणूनच इतर बायकांनी केलं नाही ते त्यांनी केलं. त्यांनी एक टाक उचलला आणि लिहायला धरतात तसा बोटांत धरला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ही लक्ष्मी निघाली कुठे?"

सगळ्या बघायला लागल्या. टाक आराशीत आडवा होता तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लिहायला धरला की पावलांची बोटं निबेकडे होती. पावलं हातातून निघून निबेवरून बाहेर चालली होती, कागदावर आणि कागदावरून पुढे कुठेतरी. ज्याच्या हाती टाक, त्याच्या घरातून लक्ष्मी बाहेर. आमच्या घरांत उंबऱ्यावर रांगोळीचं पाऊल काढताना चार वर्षांच्या पोरीलाही आधी दिशा शिकवतात.

"वेल्ह्याकडे निघाली असेल," कुणीतरी म्हणालं.

"पायी?" दुसरी म्हणाली, आणि हसू पिकलं.

आत्या हसली नाही. तिनं पाचही टाक गोळा केले, पदराखाली धरले आणि आत गेली. परत येऊन तिनं कैरीच्या डाळीची परात उचलली आणि वाढायला लागली. माझ्यापुढे आली तेव्हा तिनं मलाही वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

बायका गेल्यावर आई म्हणाली, "वन्सं, पोरीला कळलं नाही हो."

"इंग्रजी सहावी कळते. लक्ष्मी कुठून कुठे जाते ते कळत नाही?"

"हत्यार तसंच चालतं, आत्या," मी म्हटलं. "उलट चालवलं की लाकूड..."

"हत्यार चालतं तशी लक्ष्मी चालवायची होय? गौरीपुढे! माझ्या घरात!"

नाना ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी उपरण्याची घडी मोडली, पुन्हा घातली. आज ते विषय काढणार नाहीत हे मला समजलं, आणि उद्या सकाळची मोटार होती.

दिवेलागणीला आतोबा आले. पाय धुता धुताच त्यांनी आत्याकडून हकीकत ऐकली आणि टाक मागवले. एक हातात धरून त्यांनी हवेत सही केली. मग बैठकीवर जाऊन बसले, आणि टाक पुढच्या डेस्कावर असा ठेवला की शेपटी समोरच्या बाजूला आणि निब त्यांच्याकडे.

"अरे, इकडे ये," त्यांनी नानांना हाक मारली. "समोर बस. तू माझा पक्षकार. घे टाक, कर वकीलपत्रावर सही."

नानांनी गोंधळून टाक उचलला.

"आता बघा लक्ष्मी कुठून कुठे चालली ती! पक्षकाराच्या हातातून निघाली ती सरळ माझ्याकडे. इतकं कायदेशीर काम मी बघितलं नाही. पाचही इथेच राहू देत."

"लाज नाही वाटत?" आत्या म्हणाली. "लोकांच्या घरातली लक्ष्मी ओढून आणायची?"

"मग इतकी वर्षं मी काय करतोय असं वाटलं तुला?"

आत्यानं तोंड फिरवलं, पण तिचा खांदा हलला. नानांनी तेवढ्यात, हातातला टाक तसाच धरून, विषय काढला. कसा काढला, काय शब्द वापरले, मला ऐकूच आलं नाही. मी उरलेले चार टाक पुन्हा पुन्हा मोजत होते. आत्यानं समईची वात पुढे सारली. मग म्हणाली,

"हे यांच्या बैठकीत ठीक आहे. मी घर चालवते. माझ्या घरात जी मुलगी राहायची, तिच्या हातून लक्ष्मी बाहेर जाऊन चालायची नाही. आत येणारा टाक करून आण. मृग लागायच्या आत. मग ठेवते तिला."

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "एवढंच ना? पावलं उलटी कोर." ती एवढंच म्हणाली आणि तिला झोप लागली. मी जागी होते. मला चढ-उताराचा नियम माहीत होता.

वैशाख असा गेला. पहिला टाक मी दुसऱ्याच दिवशी घेतला. पाऊल उलटं, म्हणजे हत्यार निमुळत्याकडून जाडाकडे. तिसऱ्याच पावलाला लाखेची खपली उडाली. धार पुन्हा पुन्हा लावली. खपली लहान झाली पण उडालीच. मग युक्ती केली. खूण पूर्वीसारखीच उतारानं काढायची, फक्त ठिपके निमुळत्या बाजूला टोचायचे. म्हणजे टाच ती बोटं झाली. कातारणीनं ते पाहिलं आणि दोरी सोडून दिली.

"ह्या चिमन्या हायेत का लक्षुमी?"

खरंच चिमणीची पावलं दिसत होती. ओल्या अंगणात दाणे टिपून गेल्यासारखी.

"ताई, तुमी लक्षुमीला मागं चालाय लावताय," ती म्हणाली. "त्यापरीस सासूला समजवा."

"आत्या आहे ती."

"व्हय का? मला वाटलं सासूच. बोलती तर तशी."

मी सरळ दांडीचा टाक मागितला, जाडही नाही आणि निमुळताही नाही. काताऱ्यानं करून दिला. त्यावर पावलं कशीबशी आली, पण बोटांत तो ठरेना. डेस्कावर ठेवला तर घरंगळून खाली, आणि लिहिताना निसटून पुढे. लक्ष्मी आत येत होती आणि टाक बाहेर पडत होता. रोज सकाळी मी उठून पश्चिमेकडे बघायची. ढग दिसला की मृगाला किती दिवस उरले ते मोजायची. मृग म्हणजे शाळा, आणि ढग म्हणजे काताऱ्याचं काम बंद. ओल्या हवेत लाख नीट बसत नाही. तो आधीच निम्मा शेतात असायचा. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, आता पेरणीची तयारी.

एका दुपारी पाटीवर टाकाची आकृती काढून मी तिच्याकडे बघत बसले होते. जाडाकडून बारकाकडे. उतार बदलता येत नसेल, तर टाकच बदलावा. शेपटी जाड आणि बोटांची बाजू बारीक केली, तर उतार निबेकडे होईल. खोल खूण शेपटीकडे पडेल, बोटं शेपटीकडे, म्हणजे लिहिणाऱ्याच्या खांद्याकडे. पाटी घेऊन मी धावतच गेले. कातारी नांगराचा फाळ ठोकत होता.

त्यानं पाटी उलटी धरली, सुलटी धरली. "हे लाटनं हाय का टाक?"

"टाक."

"असला टाक म्या केला आसं कचेरीत सांगू नका. लोक हसत्याल."

"सांगणार नाही. कराल ना?"

"करीन, पन दोरी कोन वढनार? ही गेली पासलीला, भावाकडं. पेरनी होईस्तवर न्हाई यायची."

मी दोरीजवळ बसले. त्यानं आजूबाजूला बघितलं, कचेरीच्या दिशेनं बघितलं, आणि मग लाकूड खुंटांत अडकवलं.

दोरी ओढणं दिसतं तसं नसतं. दोन्ही हात सारख्या जोरानं चालले नाहीत तर लाकूड थरथरतं आणि पटाशी उसळते. थोड्याच वेळात माझे तळहात लाल झाले. पहिलं कांडकं तुटलं. दुसरं लावलं. वाटेवरून माणसं येत-जात होती, आणि मग तिथे आई उभी असलेली मला दिसली. ती नदीवरून येत होती. कमरेला धुण्याची बादली. मी ओढत राहिले. थांबले असते तर ते कांडकंही गेलं असतं. आता ती काय बोलेल ते सगळं मला पाठ होतं.

आईनं बादली खाली ठेवली. माझा एक हात धरून उलटा केला. तळव्यावर फोड येऊ घातला होता.

"हा फुटला तर कोरशील कशानं?" ती म्हणाली. "सरक."

तिनं पदर खोचला आणि दोरी घेतली. पाळणा हलवलेले, जातं ओढलेले, ताक घुसळलेले हात ते. पहिल्या दोन-तीन हिसक्यांतच लाकूड एकसारखं फिरायला लागलं. कातारी पटाशी धरायची विसरला होता. "बघता काय?" आई म्हणाली. "धरा. मला स्वयंपाक आहे." कचेरी सुटली आणि शिपाई त्याच वाटेनं आला; हेडकारकुनांच्या बाई दोरी ओढताहेत हे पाहून त्यानं नदीकडे तोंड केलं आणि तसाच, तिरका तिरका चालत निघून गेला.

लाख चढली तेव्हा तोरण्यावर ढग टेकले होते. तो एकच टाक झाला. मी तो घरी आणला आणि दोन दिवस त्याला हात लावायचं धाडस झालं नाही. मग लावला. हत्यार उतारानं गेलं, लाख उडाली नाही. शेवटच्या पावलाचे ठिपके टोचताना आईनं माझं मनगट धरून ठेवलं.

नाना आणि मी भोरला निघालो तेव्हा ट्रंक बरोबर घेतली होती, पण ती न्यायची की परत आणायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. आत्याच्या अंगणात नाना ट्रंकेपाशीच उभे राहिले. जोडेही काढले नाहीत. मी वर जाऊन आत्याच्या हातावर टाक ठेवला.

आत्यानं तो लिहायला धरतात तसा धरला. पावलं निबेकडून निघून तिच्या खांद्याकडे चालली होती. तिनं ती एकेक बोटानं चाचपली.

"हे काय सोंग केलंयस? लाटणं आहे का टाक?"

"टाक," मी म्हटलं.

तिनं तो आतोबांकडे दिला. त्यांनी दौतीत बुडवून एका कोऱ्या कागदावर लिहायला सुरुवात केली. जड शेपटीनं टाक मागे कलला, निब वर उचलली गेली, आणि अक्षराच्या जागी एक भलामोठा डाग पडला. दुसऱ्यांदा लिहिलं; दुसरा डाग. मी आत्याकडे बघूच शकले नाही.

"यानं कुणाच्या बापाला लिहिता येणार नाही," आतोबा म्हणाले. "लक्ष्मी आत आली खरी, पण सगळी शाई घेऊन आली."

"लिहायला सांगितलं कुणी?" आत्या म्हणाली. तिनं त्यांच्या हातातून टाक काढून घेतला, पदरानं निब पुसली आणि अंगणाकडे बघितलं. नाना उन्हात तसेच उभे होते.

"अरे, मुलीची ट्रंक बाहेर काय ठेवलीस? माडीवर ने. पलीकडची खोली रिकामी केलीय मी कालच."

गडी मागच्या दारी होता, आतोबांनी त्याला हाक मारली. पण नाना थांबले नाहीत. त्यांनी ट्रंक स्वतःच खांद्यावर घेतली आणि जोडे पायांत तसेच ठेवून, आत्या मागून ओरडत असताना, जिना चढायला लागले.